कोस्टा रिकात जेवायचं कसं: 'सोदा'पासून लिमोनच्या नारळी भातापर्यंत

मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकाच्या कुठल्याही गावात बाजाराच्या कडेला किंवा बसथांब्याजवळ रंगीत भिंतींचं एखादं छोटं दुकान दिसतं. पाटीवर 'सोडा' असं लिहिलेलं असतं आणि पुढे बहुतेक वेळा एखाद्या बाईचं नाव. आत थंड पेयं मिळत असतील असं समजून पुढे जाऊ नका. तिथले लोक त्याला 'सोदा' म्हणतात आणि ती घरगुती खाणावळ असते. चार-सहा टेबलं, काउंटरमागे चूल आणि स्वयंपाक करणारी बाईच बऱ्याचदा मालकीण. या देशाचं खाणं समजून घ्यायचं असेल तर सुरुवात इथूनच करावी, असं माझं ठाम मत आहे. किनाऱ्यावरच्या पर्यटकी हॉटेलांत पिझ्झा मिळेल, पण त्यासाठी एवढ्या लांब कशाला जायचं?

सकाळी: पिंतो मागा

न्याहारीला 'गायो पिंतो' घ्यायचा. या शब्दांचा अर्थ ठिपक्यांचा कोंबडा. पांढऱ्या भातात काळ्या घेवड्याचे दाणे तसे ठिपक्यांसारखे दिसतात, म्हणून हे नाव. कोंबडीचा त्यात पत्ताही नसतो. मराठी माणसाला हा पदार्थ समजावून सांगावा लागत नाही, कारण तो आपल्या फोडणीच्या भाताचा सख्खा भाऊ आहे. आदल्या दिवशीचा भात लागतो, कारण ताजा भात परतला की गिच्च होतो आणि शिळ्याचा दाणा सुटा राहतो. काउंटरजवळची जागा मिळाली तर बघत बसा. तेलात बारीक कांदा आणि ढबू मिरची परततात, त्यावर शिजलेला घेवडा आणि पळीभर त्याचंच काळं पाणी. ते पाणी आटत आलं की भात. सगळा रंग त्या पाण्याचा असतो. वरून लिसानो नावाचा तपकिरी, आंबटगोड सॉस, ज्यात जिऱ्याचा वास ओळखू येतो, आणि शेवटी मूठभर कोथिंबीर. सोबत अंडं, 'तोर्तिया' म्हणजे मक्याची पातळ भाकरी, तळलेलं पिकं केळं आणि 'नातिया' म्हणजे पातळसर आंबट साय. शेजारच्या निकाराग्वातही हाच पदार्थ लाल घेवड्याचा करतात, आणि तो मूळ कुणाचा यावरून दोन्ही देशांत जुना वाद आहे. त्या वादात पाहुण्याने पडू नये.

मागायचं कसं

इथल्या बोलण्यात अदब फार. अनोळखी माणसालाच काय, घरातल्या लहान मुलांनाही 'उस्तेद' म्हणजे 'आपण' म्हणणारे लोक आहेत हे. सकाळी आत शिरताना 'बुएनोस दियास' म्हणजे शुभ सकाळ, दुपारी 'बुएनास तार्देस' म्हणजे शुभ दुपार म्हणा, मगच बसा. कॉफी हवी असेल तर 'मे रेगाला उन काफे?' असं विचारतात. शब्दशः अर्थ 'मला एक कॉफी भेट देता का?' पैसे अर्थातच द्यायचे असतात, पण मागण्याची रीत ही. आभार मानले की उत्तर येतं, 'कोन मुचो गुस्तो', अगदी आनंदाने. जेवणाऱ्या माणसाजवळून जाताना 'बुएन प्रोवेचो', म्हणजे सावकाश जेवा, म्हणायलाही विसरू नका. अनोळखी माणसंसुद्धा म्हणतात.

दुपारी: कासादो

साधारण अकरापासून सोदात 'कासादो' सुरू होतो. कासादो म्हणजे विवाहित पुरुष, आणि हे ताट म्हणजे तिथली राइस प्लेट. भात, काळ्या घेवड्याची उसळ, तळलेलं पिकं केळं, कोबी-टोमॅटोची कोशिंबीर, 'पिकादियो' म्हणजे बारीक चिरलेली भाजी, आणि त्यासोबत तुम्ही निवडाल ते: मासा, कोंबडी, गोमांस, डुकराचं मांस किंवा अंडं. केळं आपल्या राजेळीच्या जातीचं, जाड सालीचं. तेच कच्चं असताना जाड चकत्या करून तळतात, चेपून चपट्या करतात आणि पुन्हा तळतात. त्या 'पाताकोनेस'. टेबलावर भाज्या आणि मिरच्या मुरवलेली बरणी असते, तिला 'चिलेरा' म्हणतात. जेवण स्वतः तिखट नसतं, त्यामुळे आपल्या जिभेला ही बरणीच आधार.

शाकाहारी असाल तर

हा भाग नीट वाचा, कारण इथे गफलत ठरलेली. 'सिन कार्ने' म्हणजे मांसाशिवाय, पण 'कार्ने' म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर फक्त गोमांस येतं. मग ताटात कोंबडी किंवा हॅम येतं आणि वाढणाऱ्याची काही चूक नसते. म्हणून सुटं सुटं सांगा: 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन हामोन', म्हणजे मांस, कोंबडी, मासा, हॅम काहीच नको. पिकादियोत बऱ्याचदा खिमा किंवा चोरिसो (डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज) असतो, त्याबद्दल वेगळं विचारा. घेवडा कशात शिजवलाय हेही विचारा. 'मान्तेका' हा शब्द वनस्पती तुपालाही वापरतात आणि डुकराच्या चरबीलाही, त्यामुळे नुसतं 'मान्तेका आहे का' विचारून भागत नाही. 'मान्तेका दे सेर्दो?' असं विचाराल तरच खरं उत्तर मिळतं. एवढं विचारल्यावर 'कासादो वेखेतारियानो' बहुतेक सोदांत मिळतो, अंडं किंवा चीज घालून. डिसेंबरात मक्याच्या पिठाचे, केळीच्या पानात बांधलेले 'तामालेस' घरोघरी होतात. पान उघडल्यावरचा वास आपल्या पानग्यांची आठवण करून देतो, पण आत सहसा डुकराचं मांस असतं.

प्यायला

'फ्रेस्को' मागा, म्हणजे ताज्या फळाचं सरबत. घट्ट मिल्कशेकसारखं हवं असेल तर 'बातिदो'. मग विचारतील, पाण्यात की दुधात? 'कास' नावाचा छोटा आंबट पेरू इतरत्र सहज मिळत नाही, तो आधी प्या. 'चान'मध्ये सब्जासारख्या फुगलेल्या बिया असतात. साखर सढळ हाताने घालतात, म्हणून 'पोका आसूकार' सांगून ठेवा. 'आग्वा दुल्से' हे तर सरळ गुळाचं गरम पाणी. तिथेही उसाचा गूळ साच्यात ओतून ढेपा करतात. नळाचं पाणी बहुतेक ठिकाणी पिण्याजोगं आहे. दूरच्या किनारी गावांत मात्र विचारून घ्या.

आणि चारच्या सुमाराला कॉफी. कोस्टा रिकाने 1989 साली रोबुस्ता या कॉफीच्या जातीच्या लागवडीवर बंदी घातली होती, ती 2018 पर्यंत टिकली, म्हणून तिथली कॉफी म्हणजे बहुतेक अरेबिका ही दुसरी जात. जुन्या पद्धतीच्या ठिकाणी 'चोरेआदोर' शोधा: लाकडी चौकट, तिला टांगलेली कापडी पिशवी, खाली कप. पिशवी कॉफीने काळी पडलेली असते आणि ती तशीच असायला हवी.

बिल

बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत. 'ला कुएन्ता, पोर फावोर' म्हणा. उपाहारगृहांत 13 टक्के कर आणि कायद्याने 10 टक्के सेवाशुल्क असतं. मेनूवर 'इम्पुएस्तोस इन्क्लुइदोस' दिसलं तर कर धरलेला आहे. सेवाशुल्क बिलात असल्यावर वेगळी टीप देणं बंधनकारक नाही. छोट्या सोदात रोख कोलोन, म्हणजे तिथलं चलन, जवळ ठेवा, सुट्टे असतील तर उत्तम.

राजधानीत एक सकाळ, लिमोनला एक रविवार

सान होसेतला 'मेर्कादो सेन्त्राल' हा बाजार 1880 पासूनचा. अरुंद बोळ, मसाल्यांची, फुलांची दुकानं आणि मधोमध सोदा. तिथे 1901 पासून चालत आलेलं आइस्क्रीमचं दुकान आहे, चव एकच, दालचिनीची. जवळपास उकडलेले 'पेखिबाये' विकायला असतात, ताडाच्या जातीचं केशरी फळ. ते मेयोनेझ लावून खातात. पहिला घास पिठूळ लागतो, दुसऱ्यापासून आवडायला लागतं.

पण वेळ असेल तर कॅरिबियन किनाऱ्यावरच्या लिमोनकडे जा. 19व्या शतकात रेल्वे बांधायला जमैकाहून आलेल्या मजुरांनी आपलं खाणं सोबत आणलं. भात आणि घेवडा तोच, पण इथे तो नारळाच्या दुधात शिजतो, त्यात थाइम या सुगंधी वनस्पतीच्या काड्या आणि अख्खी तिखट मिरची. ती न फोडता ठेवायची, म्हणजे तिखटपणा न येता नुसता वास उतरतो. नाव इंग्रजीच, 'राइस अँड बीन्स'. पिंतो म्हणाल तर दुरुस्त करतील. कोकणातल्या माणसाला नारळाच्या रसातला हा भात खाताना परकं वाटणार नाही. बऱ्याच घरांत आणि सोदांत तो शनिवार-रविवारीच होतो, आणि दुपारी दोनला भांडं रिकामं झालेलं असू शकतं. तेव्हा बाराच्या आत जाऊन बसा.