बर्फाखाली जगणारं कोईंचं तळं कसं बांधावं

कोई, म्हणजे तळ्यात पाळायचे रंगीत कार्प मासे, मूळचे जपानच्या निगाता भागातल्या डोंगरांतले. तिथे हिवाळ्यात माणसाहून उंच बर्फ साचतो. त्यामुळे अमेरिकेत शिकागो किंवा मिनियापोलिसच्या उपनगरात घरामागे कोई पाळता येतील का, असा प्रश्नच नको. येतात. पण पुण्यात बंगल्यापुढे असतो तसा दोन फुटी हौद इथे चालत नाही. नुसत्या गारठ्याने मासे सहसा मरत नाहीत. बर्फाखाली कोंडलेला वायू, ढवळलं गेलेलं पाणी आणि नको त्या वेळी घातलेलं खाणं त्यांना मारतं. या तिन्हींचा बंदोबस्त बांधकामापासूनच करावा लागतो.

खोली आणि माप

पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं. वर बर्फ धरला तरी हे ४ अंशांच्या आसपासचं पाणी तळाशी बसून राहतं आणि मासे तिथेच जवळजवळ निश्चल पडून हिवाळा काढतात. खोली कमी असेल तर हा थर पुरेसा जाड होत नाही. किमान चार फूट खोली हवी, पाच असेल तर निश्चिंती.

उदाहरणादाखल १२ फूट लांब, ९ फूट रुंद आणि ५ फूट खोल तळं घेऊ. भिंती सरळ ठेवल्या तर त्यात सुमारे १५,००० लिटर, म्हणजे ४,००० गॅलन पाणी मावतं. एका मोठ्या कोईला हजार लिटर धरले तर पंधरा मासे बसतात, पण दहा-बारावर थांबा. दुकानात बोटाएवढी दिसणारी पिल्लं पुढे दोन फुटांची होतात.

खणण्याआधी

अमेरिकेत ८११ वर फोन केला की जमिनीखालच्या गॅस, वीज, केबलच्या लाइनी फुकट आखून देतात. कुदळ मारण्याच्या काही दिवस आधी हा फोन करा. बऱ्याच ठिकाणी दोन फुटांहून खोल पाण्याला पोहण्याच्या तलावाचे नियम लागतात आणि कुंपण सक्तीचं असतं, म्हणून नगरपालिकेतही विचारून घ्या. पंपासाठीचा विजेचा पॉइंट इलेक्ट्रिशियनकडूनच, जीएफसीआय (गळती होताच वीज तोडणारं) संरक्षण असलेला बसवून घ्या.

या खड्ड्यातून २० घनयार्ड माती निघते आणि मोकळी झाल्यावर ती आणखी फुगते. दोन-तीन डंपरची सोय आधी करा. माती काठापासून निदान दोन फूट लांब टाका, आणि जमीन भुसभुशीत असेल तर आधाराशिवाय खड्ड्यात उतरू नका. पाच फुटी भिंत ढासळली की माणूस गाडला जातो.

खड्डा, लायनर, निचरा

रोपांसाठी कडेला पायऱ्या ठेवायचा मोह टाळा. उथळ पायरी म्हणजे बगळ्याला उभं राहायला ओटा, रकूनला बसायला पाट. भिंती शक्य तितक्या उभ्या ठेवा. जमीन सैल असेल तर काँक्रीट ब्लॉकची भिंत बांधा. या भागात जमीन साडेतीन फुटांपर्यंत गोठते आणि गोठताना फुगते, त्यामुळे काठावर नुसते मांडलेले दगड दोन-तीन हिवाळ्यांत वाकडे होतात. काठाला सळई घातलेली काँक्रीटची पट्टी असेल तर ती सगळी एकसंध हलते.

तळाला मध्याकडे उतार द्या आणि मध्यात चार इंची बॉटम ड्रेन, म्हणजे तळाची घाण बाहेर नेणारी मोरी, बसवा. वर जाड जिओटेक्स्टाइल (लायनरखाली घालायचं चिवट कापड) अंथरा आणि त्यावर ४५ मिलचं (सुमारे १.१ मिलिमीटर जाड) ईपीडीएम रबर लायनर. ते माशांसाठी सुरक्षित असल्याचं लिहिलेलंच घ्या, छतासाठीचं स्वस्त रबर नको. मापाचं सूत्र असं: लांबी अधिक खोलीची दुप्पट अधिक दोन फूट. आपल्या तळ्याला २४ × २१ फूट. कडा लगेच कापू नका. तळं भरलं की रबर खाली ओढलं जातं, मग कापा.

भरताना पाण्याच्या मीटरचा आकडा आधी आणि नंतर लिहून ठेवा. पुढे प्रत्येक औषधाचा डोस याच आकड्यावर ठरतो, आणि अंदाजाने घातलेलं औषध माशांना रोगापेक्षा भारी पडतं.

पंप असा घ्या की दोन तासांत निदान एकदा सगळं पाणी फिल्टरमधून जाईल, म्हणजे तासाला ७,५०० लिटर. खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. पाणी वर चढवताना तो घटतो, म्हणून थोडा मोठाच घ्या.

मासे सोडण्याची घाई

नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असतं. क्लोरामाइन असेल तर सुटणारा अमोनियाही बांधून ठेवणारं डीक्लोरिनेटर लागतं. माशांच्या घाणीतला अमोनिया आणि त्यातून होणारं नायट्राइट ही दोन्ही विषं पचवणारे फिल्टरमधले जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे जातात. इथे ‘पी हळद नि हो गोरी’ चालत नाही. सुरुवातीला दोन-तीनच मासे सोडा आणि अमोनिया व नायट्राइट शून्यावर आल्यावर बाकीचे. मे महिन्यात खणलं तर हे उन्हाळ्यात जमून जातं. सप्टेंबरनंतर नवे मासे आणू नका. एरवीही नवा मासा तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत, २२ ते २४ अंशांच्या पाण्यात ठेवा. कोई हर्पिस विषाणू गार पाण्यात दबून राहतो, कोमट पाण्यात उघडा पडतो.

ऑक्टोबर ते मार्च

पानगळीआधी जाळी ताणा. तळाशी कुजणारी पानं ऑक्सिजन खातात आणि बर्फाखाली विषारी वायू सोडतात.

खाणं पाण्याच्या तापमानावर ठरवा, हवेच्या नाही. १५ अंशांखाली गव्हाच्या अंकुराचं हलकं खाद्य, तेही थोडं. १० अंशांखाली पूर्ण बंद. नोव्हेंबरच्या उबदार दुपारी मासे वर येऊन तोंड उघडतात, तेव्हा हात आवरा. रात्री पाणी पुन्हा गार होतं आणि खाल्लेलं पोटात तसंच राहतं.

धबधबा केला असेल तर तो बंद करा. त्यावर बर्फाचा बांध झाला की पाणी काठाबाहेर वळतं, पंप चालूच राहतो आणि सकाळी तळं अर्धं रिकामं सापडतं. बाहेरचे पाइप आणि फिल्टर रिकामे करा, पाणी हिरवं होऊ नये म्हणून लावलेला यूव्ही दिवा घरात आणा. पाणी राहिलं तर त्याची काचेची नळी हमखास फुटते.

बॉटम ड्रेनवर हवा सोडत असाल तर ती बंद करा आणि हवेचा दगड, म्हणजे हवेच्या पंपाला जोडलेला, बारीक बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड, पृष्ठभागापासून फूटभर खाली टांगा. तळाशी ठेवलात तर बुडबुडे ते ४ अंशांचं पाणी वर उपसतात आणि सगळं तळं शून्याकडे जातं. हवेची नळी कुठेही झोळ न देता तळ्याकडे उतरती ठेवा, नाहीतर आत साठलेला दमटपणा गोठून नळी तुंबते. शेजारी ३०० वॅटचा तरंगता डी-आयसर सोडा. तो सतत चालला तर दिवसाला सात युनिटच्या वर वीज खातो. त्याचं काम तळं तापवणं नाही, बर्फात एक भोक उघडं ठेवणं एवढंच.

वीज जाऊन भोक बुजलं तर हातोडा मारू नका. त्या धक्क्याने मासे जायबंदी होतात. उकळत्या पाण्याचं पातेलं बर्फावर टेकवा, ते सावकाश भोक पाडतं.

बर्फ वितळल्यावर

एप्रिलमध्ये ५ ते १५ अंशांचा काळ सर्वांत धोक्याचा. जिवाणू आणि परजीवी आधी जागे होतात, माशांची प्रतिकारशक्ती मागून येते. अंगावर लाल चट्टे, खवल्यांखाली जखम, भिंतीला अंग घासणं, हे रोज पाहा. फिल्टर लगेच सुरू करा, पण त्यातले जिवाणू मंद असतात, म्हणून खाणं पाणी सलग आठवडाभर १० अंशांवर राहिल्यावरच आणि चिमूटभर. अमोनिया एक दिवसाआड मोजा. जाळी मात्र काढू नका. बगळे याच दिवसांत परततात आणि मासे अजून सुस्त असतात.