ग्रीसच्या बेटांवर पहिल्यांदा जोडीने जाताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक घरी सोफ्यावर बसूनच होते, नकाशा बघताना. नकाशात ती बेटं इतकी जवळजवळ दिसतात की वाटतं सकाळी मिकोनोस, दुपारी पारोस, रात्री सँटोरिनी, काय लागतंय! आम्ही पहिल्या वेळी हेच केलं. नऊ दिवस, अथेन्स आणि वर चार बेटं. पाचव्या दिवशी भर दुपारी आम्ही दोघं एका बंदरावर बॅगांवर बसलो होतो, सावली नाही, बोट दीड तास लेट, आणि बॅग एवढी कोणी भरली यावरून जे सुरू झालं ते दोघंही गप्प होण्यावर थांबलं. लग्नानंतरची पहिली मोठी ट्रिप होती ती, आणि त्या दुपारचा निळा समुद्र मला आठवतच नाही, फक्त ती गरम सिमेंटची कड आठवते.

म्हणून मनापासून सांगते, बेटं कमी करा. बोटीचा प्रवास दोनच तासांचा असला तरी बेट बदलायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, अकराला चेकआउट, तासभर आधी बंदरावर, मग बोट, पलीकडे बसची वाट, आणि रूम मिळते तीनला. आठ-नऊ रात्री असतील तर दोन बेटं बास. मला विचाराल तर नाक्सोसला चार रात्री, सँटोरिनीला तीन, आणि शेवटी अथेन्स.

आणि बेटांचे गट वेगवेगळे आहेत हे आधी बघा. सँटोरिनी, नाक्सोस, पारोस, मिकोनोस हे सायक्लाडीस, एजियन समुद्रातले. कॉर्फू आणि झाकिन्थोस पश्चिमेला आयोनियन समुद्रात, म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या बाजूला. ऱ्होड्स आणि कोस तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ. माझ्या मैत्रिणीने फोटो बघून कॉर्फू आणि सँटोरिनी असा प्लॅन केला होता, दोन्ही सुंदरच आहेत, पण त्यांच्यात थेट फेरीच नाही, जायचं तर बहुतेक वेळा अथेन्सवरून विमान बदलून. एक गट निवडा आणि त्यातच फिरा.

आता वारा. हे कोणी नीट सांगत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये एजियनमध्ये उत्तरेकडून मेल्टेमी नावाचा वारा सुटतो, कधीकधी सलग काही दिवस. आपल्याकडे पावसाळ्यात मांडव्याची लाँच बंद असते ते आपण धरूनच चालतो, आभाळ भरून आलेलं दिसतं, कळतं. तिथे आभाळ लख्ख, ऊन कडक, आणि तरीही बोटी रद्द. आपल्याला वाटतं एवढं छान हवामान आहे, आज कशाला काही होतंय.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, लहान वेगवान कॅटामरान बोटी आधी बंद पडतात, मोठी जहाजं बऱ्याचदा चालू राहतात. अथेन्सच्या पिरेयस बंदरावरून सँटोरिनी मोठ्या जहाजाने साडेसात-आठ तास, वेगवान बोटीने पाच-एक तास, पण वेगवान बोटीत तुम्ही आत सीटवर बांधल्यासारखे बसता, डेकवर बहुतेक जाता येत नाही, आणि लाटा असतील तर पोट ढवळतं. ज्याला एसटीत घाटात त्रास होतो त्याने मोठं जहाजच घ्यावं आणि अ‍ॅव्होमिन निघायच्या आधीच घ्यावी, त्रास सुरू झाल्यावर उपयोग नाही. शिवाय डेकवर दोघांनी कॉफी घेऊन उभं राहायचं, एकेक बेट मागे जाताना बघायचं, ते मला तरी सगळ्या ट्रिपमधलं सगळ्यात आवडलेलं.

दुसरी गोष्ट, ज्या दिवशी भारताचं विमान त्याच दिवशी बेटावरून फेरी, असं कधीच म्हणजे कधीच करू नका. आदल्या दिवशी अथेन्सला या. तिथली शेवटची रात्र म्हणजे वाया गेलेली रात्र नाही, ॲक्रोपोलिस, म्हणजे टेकडीवरची ती प्राचीन मंदिरं, तेव्हा बघा.

आणि बोट रद्द झालीच तर? घाबरून लगेच दुसरं तिकीट काढू नका. रद्द झालेल्या बोटीचे पैसे परत मिळतात किंवा पुढच्या बोटीत बसवतात, त्यामुळे आधी एकाने बंदराजवळच्या तिकीट ऑफिसात लाइनीत उभं राहायचं आणि दुसऱ्याने तोवर दोन्ही हॉटेलांना मेसेज करायचा, ज्यातून निघालात त्यालाही, कारण तीच रूम अजून एक रात्र मिळू शकते. त्या दिवशी अथेन्सला पोचायलाच हवं असेल तर विमान बघा, नाक्सोस, पारोस, मिकोनोस, सँटोरिनी चारही ठिकाणी विमानतळ आहे, जागा मात्र पटापट जातात.

बंदराचा घोळ पण होतो. अथेन्सला फक्त पिरेयस नाही, राफिना पण आहे, आणि विमानतळावरून राफिना जास्त जवळ. तिकिटावर कोणतं लिहिलंय ते बघा, दोन्ही एकमेकांपासून लांब आहेत. पिरेयसला विमानतळावरून थेट मेट्रो आहे, साधारण तास लागतो, पण ते बंदर अवाढव्य आहे, गेट नंबर आधी बघून ठेवा नाहीतर बॅगा ओढत पळावं लागतं. जहाजात शिरताना खाली गाड्यांच्या डेकवर बेटांच्या नावांचे रॅक असतात, आपल्या बेटाच्या रॅकवर बॅग ठेवायची. उतरताना मात्र पाय लवकर उचला. अनाउन्समेंट झाली की खाली जाऊन उभं राहायचं, अंधार, डिझेलचा वास, कोणीतरी बेटाचं नाव ओरडतंय, मग तो मोठा रॅम्प हळूहळू खाली जातो आणि एकदम डोळे दिपतात. जहाज तिथे काही मिनिटंच थांबतं. फोटो काढत वर राहिलात तर बोट तुम्हाला घेऊन पुढच्या बेटाला.

सँटोरिनीबद्दल एकच सांगते, हॉटेल बुक करताना पायऱ्या किती ते विचारा. फोटोतली ती पांढरी घरं कड्यावर उतरत गेलेली आहेत, आणि तेवीस किलोची बॅग त्या पायऱ्यांवरून उतरवायची म्हणजे पहिल्याच तासात मूड जातो. कड्याच्या बाजूला रूम महाग आणि तिथे पोहायला नीट बीच नाही, काळ्या वाळूचे बीच कमारी आणि पेरिसाला, पलीकडच्या बाजूला, तिथे रूमही स्वस्त पडते (वाळू इतकी तापते की चपला हव्याच). सूर्यास्तासाठी सगळे ईया गावाला जातात, नकाशात स्पेलिंग ओ-आय-ए दिसतं पण म्हणतात ईया, तिथे किल्ल्यापाशी इतकी खेटाखेट असते की शेजारच्याचा फोनच दिसतो. तोच सूर्य इमेरोविग्ली गावावरून शांतपणे दिसतो. ईया बघायचंच असेल तर "फिरा" या बेटावरच्या मुख्य गावाहून कड्याच्या कडेकडेने सकाळी लवकर चालत जा, साधारण दहा किलोमीटर, तीन-चार तास, पाणी भरपूर न्या कारण वाटेत सावली जवळजवळ नाहीच.

कधी जायचं? आपल्याला सुट्टी दिवाळीत मिळते म्हणून बरेच जण तेव्हाचं बघतात. 2026 ला लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे, आणि नोव्हेंबर लागता लागता या बेटांवरची बरीच हॉटेलं आणि टॅव्हर्ना (तिथल्या खानावळी) बंद होतात, बोटीही कमी. मेचा शेवट, जून किंवा सप्टेंबर बघा, सप्टेंबरला पाणी मेपेक्षा उबदार असतं.

कागदपत्रात आपल्याकडे एक खास घोळ होतो. लग्नानंतर मुलीच्या पासपोर्टवर अजून माहेरचं नाव, मधलं नाव वडिलांचं, आणि उत्साहात तिकिटं सासरच्या नावाने. विमान, फेरी, इन्शुरन्स, हॉटेल, सगळं पासपोर्टवर आहे त्याच नावाने काढा आणि मॅरेज सर्टिफिकेट सोबत ठेवा. ग्रीसला शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकच व्हिसा, त्याला किमान 30,000 युरोचं मेडिकल कव्हर लागतं आणि अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणून शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. गाडी किंवा क्वाड (चार चाकांची बाइक) भाड्याने घ्यायची असेल तर आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून न्या. हॉटेलवाले वेगळा सरकारी कर घेतात, रूमप्रमाणे दर रात्री, सीझनमध्ये फोर स्टारला 10 युरो, तो बुकिंगच्या रकमेत बऱ्याचदा नसतो. आणि बाथरूममध्ये कागद कमोडमध्ये टाकू नका, शेजारी डबा असतो त्यात, पाइप अरुंद आहेत.

शाकाहारी असाल तर काळजी करू नका, पण "व्हेज" म्हणून थांबू नका, "निस्तीसिमो" विचारा, म्हणजे त्यांचं उपवासाचं, त्यात मांस, अंडं, दूध नसतं (पण कोळंबी, ऑक्टोपस चालतो, तेवढं विचारून घ्या). सँटोरिनीची फाव्हा मागवा, पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच जणू, वरून ऑलिव्ह ऑइल आणि कच्चा कांदा. आणि तिथे "ने" म्हणजे हो. आमच्या ह्यांना दोन दिवस वाटत होतं वेटर नाही म्हणतोय.

नाक्सोसला बंदराजवळ पोर्तारा आहे, अपोलोच्या अर्धवट राहिलेल्या मंदिराची दगडी चौकट, इसवी सन पूर्व सहाव्या शतकातली. तिकीट नाही, बुकिंग नाही. दुसऱ्या ट्रिपला आम्ही तिथे सलग तीन संध्याकाळी गेलो, कुठेच पोचायचं नव्हतं. वारा जबर असतो, अंगावर घ्यायला काहीतरी असू द्या.