कोळशातून गाळलेलं सीरम आणि काकांचा प्रश्न

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात शेजारच्या काकांना प्रोस्टेटचा कॅन्सर होता. पुरुषी हॉर्मोन दाबणाऱ्या इंजेक्शनांनी दोन वर्षं पीएसए (रक्तात मोजतात ते प्रोस्टेटचं प्रथिन) खाली राहिला, मग चढायला लागला. पऱ्हाटीच्या धुऱ्यावर बसून त्यांनी मला विचारलं, "तू तं हेच शिकून राह्यली ना? इंजेक्शन तेच, डॉक्टर तेच, मंग आता काहून लागू पडत नाही?" मी तेव्हा एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. उत्तर आलं नाही.

प्रोजेक्टला शहरातल्या लॅबमध्ये गेले तेव्हा हाच विषय मागून घेतला. नव्यांना पहिलं सांगणं हेच: पिपेट उचलायच्या आधी आपल्या पेशींचं कुळ वाचा. एलएनकॅप, पीसी-३ आणि डीयू-१४५ हे लॅबमध्ये वाढवतात ते प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींचे वाण. एलएनकॅप पेशी हॉर्मोनवर वाढतात. पीटेन, पी५३ आणि आरबी ही पेशीची वाढ आवरणारी जनुकं; एलएनकॅपचं पीटेन गेलेलं, पण पी५३ शाबूत. पीसी-३ मध्ये पी५३ आणि पीटेन दोन्ही नाहीत, डीयू-१४५ मध्ये आरबी मोडलेलं. या दोघींना हॉर्मोन दिलं काय, न दिलं काय, सारखंच.

मी हे वाचलं होतं, तरी चुकले. एलएनकॅपला नेहमीच्या सीरममध्येच (पेशींना खायला घालतो तो रक्ताचा पातळ भाग) ठेवून एका प्लेटीत वरून हॉर्मोन घातलं, दुसरीत नाही. तीन आठवडे दोन्ही प्लेटांत फरकच दिसेना. सीरममध्ये मुळातच स्टेरॉइड असतात (हे हॉर्मोनही त्याच जातीचं), म्हणजे उपाशी ठेवलेली प्लेट चोरून जेवत होती! अशा प्रयोगाला कोळशानं स्टेरॉइड काढलेलं सीरम लागतं, आणि फिनॉल रेड हा रंग नसलेलं मीडियम (पेशी वाढवायचं द्रावण), कारण तो रंगही थोडा इस्ट्रोजेनसारखा वागतो. शिवाय एलएनकॅप तळाला नीट चिकटत नाहीत; पहिल्यांदा धुताना माझ्या अर्ध्या पेशी वाहून गेल्या. आणि हॉर्मोनचे डोस चार-पाच तरी ठेवा, जास्त झालं तर याच पेशींची वाढ उलट मंदावते.

ट्यूमर सप्रेसर, म्हणजे वाढ आवरणारी ही जनुकं, मला पुस्तकापेक्षा जागलीवरून कळली. माळ्यावर दोघं जागलीला असतात. एक झोपला तरी दुसरा रानडुकरं हाकलतो, दोघं झोपले की शेत गेलं. जनुकाच्या दोन प्रतींचं तसंच. पुढे २०१७ साली दिसलं, की पी५३ आणि आरबी दोन्ही गेले तर पेशी आपली ओळखच बदलून हॉर्मोनच्या कह्यातून निसटू शकते.

पण पीसी-३ पाहून सगळे रुग्ण तसेच समजू नका. मी समजले होते. उपचाराला न जुमानणाऱ्या बहुतेक गाठी हॉर्मोनचा रिसेप्टर, म्हणजे हॉर्मोन ज्याला चिकटून काम करतं ते पेशीतलं प्रथिन, सोडत नाहीत. त्याच्या प्रती वाढवतात, नाहीतर त्याचा आकार बदलतात. एलएनकॅपमधला रिसेप्टर असाच बदललेला आहे: फ्लुटामाइड हे त्याला अडवायचं औषध, पण त्यानंच तो चालू होतो.

दिवाळीत काकांना एवढंच सांगितलं. ते बराच वेळ बोंडाकडे बघत राहिले. "म्हणजे फवारलं तेच खत झालं," म्हणाले.