महासाथीत दवाखाना चालवताना या चुका टाळा

महासाथ आली की दवाखान्याच्या दाराशी कपाळावर धरायचा थर्मामीटर येतो, टेबलावर सॅनिटायझरची बाटली येते, आणि तयारी झाली असं सगळ्यांना वाटू लागतं. २००३ च्या सार्स या श्वसनरोगाच्या साथीत जगभर नोंदलेल्या सुमारे ८,१०० रुग्णांपैकी दर पाचांत एक जण आरोग्य कर्मचारी होता. कोविडमध्ये मे २०२१ पर्यंत ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी दगावले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. ही माणसं निष्काळजी होती असं म्हणणं अन्यायाचं होईल. बरेचदा साधनं अपुरी होती, आणि होती तिथे पहारा एका जागी होता, संसर्ग दुसऱ्याच वाटेने आत येत होता. श्वासातून पसरणाऱ्या आजारांत या वाटा कोणत्या, ते पाहू.

ताप नाही म्हणजे धोका नाही, असं धरून चालणं

कोविडचा रुग्ण लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून आजार पसरवू शकतो. शिवाय तापाची गोळी घेऊन आलेल्याचं कपाळ गारच लागणार. थर्मामीटर ठेवा, पण भिस्त त्याच्यावर नको. दाराशीच खोकला, घसादुखी, घरात कोणी आजारी आहे का, हे विचारा. ‘हो’ म्हणणाऱ्याला मास्क द्या आणि वेगळ्या बाजूला, शक्य असेल तर बाहेर मोकळ्यावर बसवा. साथ जोरात असेल तेव्हा मास्क सगळ्यांनाच हवा.

फरशी चकचकीत, खिडक्या बंद

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पुसण्यात तासन्‌तास जातात आणि हवेकडे कोणाचं लक्ष नसतं. बोलताना, खोकताना बाहेर पडणारे बारीक कण बंद खोलीत कितीतरी वेळ तरंगत राहतात. नुसती हवा गार करणारा एसी खोलीतली तीच हवा फिरवत राहतो.

समोरासमोरच्या खिडक्या किंवा दार-खिडकी उघडी ठेवा. एकच खिडकी असेल तर तिच्यात पंखा बाहेरच्या दिशेने तोंड करून बसवा. मग खुर्च्या पाहा: हवा ज्या बाजूने आत येते तिथे डॉक्टर किंवा परिचारिका, आणि ज्या बाजूने बाहेर जाते तिथे रुग्ण. पुष्कळ दवाखान्यांत नेमकं उलटं असतं, आणि टेबल फिरवायला काहीच खर्च येत नाही. हवा कुठे वाहते हे कळत नसेल तर उदबत्ती पेटवून धूर कुठे जातो ते बघा. कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र मिळालं तर आणखी चांगलं. बाहेरच्या हवेत हा आकडा ४२० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास असतो. भरलेल्या खोलीत तो ८०० च्या वर राहत असेल तर ताजी हवा कमी पडते आहे.

नेब्युलायझर, म्हणजे औषधाचा बारीक फवारा करून श्वासातून देणारं यंत्र, शक्यतो आतल्या खोलीत लावू नका. औषधाला चालत असेल तर स्पेसर (तोंडापाशी जोडायची पोकळ नळी) लावलेला इनहेलर बरा. ताशी १२ वेळा हवा बदलणाऱ्या खोलीतले ९९ टक्के कण निघून जायला साधारण २३ मिनिटं लागतात, ६ वेळा बदलणाऱ्या खोलीत ४६. पुढचा रुग्ण पाचव्या मिनिटाला आत घेतला, तर तो मागच्याचाच श्वास घेतो.

चांगला मास्क, पण फटी मोकळ्या

एन९५ निदान ९५ टक्के बारीक कण अडवतो, पण तो चेहऱ्याला घट्ट बसला तरच. चष्म्यावर वाफ येत असेल तर नाकापाशी हवा निसटते आहे. पट्टी बोटांनी दाबून नीट बसवा. दाढी असेल तर कडा टेकतच नाहीत. घालताना दर वेळी दोन्ही हात मास्कवर धरून जोरात श्वास सोडा आणि कडेने वारा लागतो का ते पाहा. झडप असलेला मास्क घालणाऱ्याला वाचवतो, पण त्याचा उच्छ्वास न गाळता रुग्णाकडे सोडतो.

घालताना जपणं, काढताना घाई

कामाची पाळी संपली, माणूस थकलाय, घामाघूम झालाय, आणि हात सरळ चेहऱ्याकडे जातो. म्हणून क्रम भिंतीवर लावा. आधी हातमोजे, मग गाऊन, मग हात स्वच्छ करणं. खोलीबाहेर आल्यावर चष्मा किंवा फेसशील्ड, सगळ्यात शेवटी मास्क, तोही पट्ट्या धरून. आणि पुन्हा हात. हे करताना समोर एक सहकारी उभा असावा, चुकलं की लगेच टोकणारा. एकच हातमोजा दिवसभर घालून पेन, फोन आणि रुग्ण हाताळणं हे मोजे न घालण्यापेक्षा वाईट, कारण हात धुवायची आठवणच राहत नाही.

जेवणाची खोली आणि ‘थोडी कणकण आहे, पण येते’

रुग्णांसमोर सहा तास मास्क सांभाळणारी माणसं लहानशा बंद खोलीत एकत्र जेवायला बसतात, मास्क काढून, गप्पा मारत. त्यांना दोष कसा देणार, तेवढाच विसावा असतो. तो हिरावून घेऊ नका. पाळ्या करा, जेवणाची जागा गच्चीवर किंवा अंगणात हलवा.

आणि आजारी माणूस कामावर येतो तेव्हा त्याच्या कर्तव्यनिष्ठेचं कौतुक करण्याआधी विचारा: घरी राहिला तर त्याचा पगार कापला जातो का? सफाई कर्मचारी, पहारेकरी, कंत्राटावरचा रुग्णवाहिका चालक यांच्या बाबतीत उत्तर बहुधा ‘हो’ असतं. भरपगारी रजा आणि बदली माणसांची यादी हाताशी नसेल, तर बाकीच्या सूचना कागदावरच राहतात.

ब्लीचचं गणित

५ टक्क्यांच्या ब्लीचचा १ भाग आणि ४९ भाग पाणी म्हणजे ०.१ टक्का, नेहमीच्या पृष्ठभागांसाठी. रक्त सांडलं असेल तर १ भागाला ९ भाग पाणी. आधी साबणाने मळ काढा, द्रावण रोज ताजं करा. ॲसिडमध्ये ते कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. माणसांवर तर फवारूच नका.

साथ म्हणून बाकी सगळं बंद

२०२१ मध्ये जगातली सुमारे अडीच कोटी बालकं नेहमीच्या लसींच्या एक वा अधिक मात्रांना मुकली. दवाखाना बंद ठेवून वस्ती सुरक्षित होत नाही. गरोदर स्त्रिया आणि लसीकरण सकाळी, खोकल्या-तापाचे रुग्ण दुपारनंतर, असं वेळापत्रक करा. दोन दारं असतील तर दोन्ही वापरा. क्षय, मधुमेह, रक्तदाब यांची औषधं प्रकृती स्थिर असलेल्यांना एकदम दोन-तीन महिन्यांची द्या. आणि वेळ बदलली की फलकावर लिहून थांबू नका. वस्तीत ज्यांचं ऐकलं जातं त्यांच्याकरवी ती घरोघर पोचवा, कारण बंद दार बघून एकदा परत गेलेली आई बाळाला घेऊन पुन्हा येईलच, याची खात्री नसते.