पडद्यामागचा किस्सा कसा पारखावा आणि कसा लिहावा : बस्टर कीटनच्या चित्रपटांच्या निमित्ताने

विनोदी नटाविषयी लिहायला बसले की किश्श्यांना तोटा नसतो. तोटा असतो तो भरवशाच्या किश्श्यांचा. ज्याने उभी हयात लोकांना हसवण्यात घालवली तो नट स्वतःच्या आठवणीही रंगवून सांगतो, त्याच्या कंपनीचे प्रसिद्धी खाते त्यात आपली भर घालते आणि पुढचा प्रत्येक लेखक आधीच्याचे वाचून तेच पुन्हा लिहितो. या ढिगातून काय उचलावे आणि काय सोडावे हे शिकण्यासाठी मूकपटांच्या काळातला अमेरिकन विनोदवीर बस्टर कीटन (१८९५–१९६६) याच्याइतके चांगले उदाहरण मला दुसरे माहीत नाही, कारण त्याच्याविषयीच्या अशक्य वाटणाऱ्या काही गोष्टी खऱ्या आहेत आणि सहज पटणाऱ्या काही गोष्टी तपासल्यावर टिकत नाहीत. येथे सांगितलेल्या पद्धतीची कसोटी एकच आहे : किस्सा वाचून वाचकाने तेच दृश्य पुन्हा पाहिले, तर त्याला त्यात आधी न दिसलेले काहीतरी दिसले पाहिजे.

सुरुवात वाचनाने करू नये, पाहण्याने करावी. ज्या दृश्याविषयी लिहायचे आहे ते आधी आवडीने एकदा सलग पाहावे, मग थांबवत थांबवत पाहावे आणि जे दिसते ते कागदावर उतरवून ठेवावे. ‘स्टीमबोट बिल, ज्युनियर’ (१९२८) या चित्रपटातले भिंत कोसळण्याचे दृश्य घ्या. वादळाने भांबावलेला कीटन घराकडे पाठ करून उभा आहे. त्याच्या मागे दुमजली घराची संपूर्ण दर्शनी भिंत सुटते आणि अखंड पत्र्यासारखी त्याच्या अंगावर येते. वरच्या मजल्याची उघडी खिडकी नेमकी त्याच्याभोवती पडते आणि तो जागच्या जागी उभा राहतो. दृश्य थांबवले तर लक्षात येते की भिंत पडत असताना मध्ये कोठेही कात्री लागलेली नाही, पडणारा लाकूडसामान खराखुरा आहे आणि माणूसही तोच आहे.

एवढे पाहून झाल्यावर मग वाचायला घ्यावे. त्या भिंतीचे वजन दोन टन होते हे वाक्य बहुतेक ठिकाणी सापडते आणि बहुतेक लेखक तेथेच थांबतात. वजन ऐकून वाचक चकित होतो, पण दृश्य पुन्हा पाहताना त्या आकड्याचा त्याला काहीच उपयोग होत नाही. कीटनने पुढे मुलाखतीत या दृश्याचे जे वर्णन केले ते मात्र फार मोलाचे आहे. खिडकी अशी मापून बनवली होती की दोन्ही खांद्यांच्या बाजूला आणि डोक्याशी दोन-दोन इंचांचीच मोकळीक राहावी. टाचा नेमक्या कोठे ठेवायच्या हे चुकू नये म्हणून जमिनीत खिळे ठोकले होते. आणि भिंत जड ठेवण्याचे कारण असे की चित्रीकरणासाठी लावलेल्या प्रचंड पंख्यांच्या वाऱ्यात ती वाकली किंवा पिळली असती, तर खिडकी ठरल्या जागी आलीच नसती. म्हणजे भिंतीचे वजन हा धोका होता आणि तोच नेमकेपणाचा आधारही होता. असे कारण हाती लागले की आकडा सजीव होतो. ते कळल्यापासून त्या दृश्यात माझी नजर भिंतीकडे न जाता त्याच्या पायांकडे जाते, आणि ते पाय खरोखरच तसूभरही हलत नाहीत.

दुसरे काम त्या गमतीची वंशावळ शोधण्याचे. विनोदी नट चांगली कल्पना एकदाच वापरून टाकून देत नाही. ती लहान प्रमाणात आजमावतो, वाढवतो आणि योग्य जागा मिळाली की पुन्हा उभी करतो. १९१९ मधल्या ‘बॅक स्टेज’ या लघुपटात नाटकाच्या सेटमधली घराची खोटी भिंत रॉस्को आर्बकल या विनोदी नटाच्या अंगावर पडते आणि तो खिडकीच्या जागेमुळे वाचतो. कीटन त्या वेळी आर्बकलच्या कंपनीत काम करत होता. १९२० च्या ‘वन वीक’ मध्ये हीच कल्पना घराच्या भिंतीवर येते. १९२८ ची भिंत ही त्याच घराण्यातली थोरली बहीण. नटाच्या सर्व चित्रपटांची सनावळीनुसार यादी करून असे धागे जोडत गेले की कोणत्याही संग्रहात न सापडणारा किस्सा आपल्याला स्वतःच्या डोळ्यांनी सापडतो, आणि त्याला पुरावा म्हणून चित्रपटच उभा असतो.

आता ऐकीव गोष्टी. प्रत्येक किश्श्याला तीन प्रश्न विचारावेत : हे प्रथम कोणी सांगितले, घटनेनंतर किती वर्षांनी सांगितले, आणि त्या वेळी सांगणाऱ्याचा त्यात काय फायदा होता? कीटनच्या ‘बस्टर’ (त्या काळच्या बोलीत जोराचे पडणे) या नावाची कथा या प्रश्नांसाठी उत्तम आहे. सहा महिन्यांचा असताना तो जिन्यावरून गडगडत खाली आला, त्याला काहीच झाले नाही, आणि सुप्रसिद्ध जादूगार हॅरी हुदिनी याने ते पाहून हे नाव दिले, असे स्वतः कीटन सांगत असे. दुसऱ्या कथनात मात्र मूल दीड वर्षाचे आहे आणि नाव देणारा जॉर्ज पार्डी नावाचा नट आहे. शिवाय कीटन कुटुंबाची हुदिनीशी ओळख झाली ती नंतर. पार्डीचे नाव पुढे कोणाच्या लक्षात राहिले नाही आणि हुदिनीचे साऱ्या जगाला ठाऊक होते, एवढे ध्यानात घेतले की किस्सा कोणत्या दिशेने सरकला हे समजते. म्हणून कीटनला खोटे ठरवण्याचे कारण नाही. सहा महिन्यांच्या मुलाला स्वतःचे पडणे आठवत नाही. त्याने घरात जे ऐकले तेच सांगितले. लिहिताना ‘हुदिनीने नाव दिले’ असे न लिहिता ‘हुदिनीने नाव दिले असे कीटन सांगत असे’ असे लिहावे आणि दुसरी कथाही शेजारी ठेवावी. एवढ्याशा फरकाने वाक्य खरे होते आणि गोडीही कमी होत नाही. कीटनचे आत्मचरित्र १९६० साली प्रसिद्ध झाले, म्हणजे त्यातल्या मूकपटांच्या आठवणी तीस-चाळीस वर्षांच्या अंतरावरून सांगितलेल्या आहेत. तेही मनात असू द्यावे.

‘कधीच’, ‘नेहमी’, ‘सर्व’ हे शब्द ज्या किश्श्यात असतील त्यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण असे विधान मोडायला एकच दृश्य पुरते. कीटन पडद्यावर कधीच हसला नाही, असे अनेकांनी लिहिले आहे. १९१७ चा ‘कोनी आयलंड’ पाहा. आर्बकलसोबतच्या त्या सुरुवातीच्या लघुपटात तो मनमोकळे हसतो. निर्विकार चेहरा ही त्याची जन्मजात खूण नव्हती; पडद्यावर आपण काय केल्याने प्रेक्षक अधिक हसतो हे पारखून त्याने ती पक्की केली, आणि माझ्या मते हे सत्य त्या दंतकथेपेक्षा कितीतरी अधिक आदर वाटायला लावणारे आहे. त्याने सर्व साहसदृश्ये स्वतः केली, हेही असेच एक विधान. ‘कॉलेज’ (१९२७) मध्ये बांबूच्या आधाराने उडी घेऊन खिडकीतून आत जाण्याचे दृश्य ली बार्न्स याने केले आहे, आणि बार्न्स हा १९२४ च्या ऑलिंपिकमधला बांबूउडीचा सुवर्णपदक विजेता होता. याच्या नेमके उलट उदाहरण ‘शेरलॉक ज्युनियर’ (१९२४) मध्ये आहे. मोटारसायकल चालवणारा त्याचा सहायक खड्ड्याच्या धक्क्याने खाली पडतो; ती भूमिका फोर्ड वेस्ट या नटाची, पण ते पडणे वेस्टच्या वेशात स्वतः कीटनचे आहे. नायकच दुय्यम नटाचा डमी झाला! हे वाचल्यावर कोणताही रसिक ते पडणे पुन्हा पाहिल्याशिवाय राहणार नाही.

सन आणि पैसा यांबाबत थोडक्यात सांगतो. ‘द जनरल’ या चित्रपटापुढे कोठे १९२६ तर कोठे १९२७ लिहिलेले दिसते, आणि दोन्हींना आधार आहे : तो प्रथम ३१ डिसेंबर १९२६ रोजी टोकियोत दाखवला गेला आणि अमेरिकेत १९२७ मध्ये लागला. आपण चित्रीकरणाचे वर्ष देत आहोत की प्रदर्शनाचे, हे एकदा ठरवून लेखभर तेच पाळावे. याच चित्रपटात खरे रेल्वे इंजिन जळत्या पुलावरून नदीत कोसळते. ते दृश्य ओरेगन राज्यातल्या कॉटेज ग्रोव्ह गावाच्या परिसरात जुलै १९२६ मध्ये एकाच टेकमध्ये घेतले, कारण दुसऱ्या टेकसाठी ना पूल उरणार होता ना इंजिन. त्या एका शॉटला ४२,००० डॉलर लागले असे सर्रास छापले जाते. अशा रकमेसोबत ती कोणाच्या हिशेबातली, हे सांगता येत नसेल तर रक्कम वगळावी आणि त्याऐवजी हे सांगावे की इंजिनाचा सांगाडा दुसऱ्या महायुद्धात भंगारासाठी काढून नेईपर्यंत त्या नदीच्या पात्रातच पडून होता. खर्चाचा अंदाज वाचकाला त्यातून अधिक चांगला येतो.

सर्वांत अधिक वेळ द्यावा तो ‘असे का झाले’ या प्रश्नाला. १९२१ मध्ये कीटन ‘द इलेक्ट्रिक हाऊस’ चे चित्रीकरण करत असताना त्याचा पाय सरकत्या जिन्यात अडकला आणि घोटा मोडला. काम थांबले, तो चित्रपट पुढे नव्याने चित्रित होऊन १९२२ मध्ये आला. मधल्या काळात पडझड, धावपळ, उड्या यांपैकी काहीच करता येणार नव्हते. त्याने ‘द प्लेहाऊस’ (१९२१) हाती घेतला, ज्यात कसरतीची जागा कॅमेऱ्याच्या करामतीने घेतली. सुरुवातीच्या भागात वाद्यवृंदाचा संचालक कीटन, वादक कीटन, प्रेक्षागृहातली बाई कीटन, पोर कीटन, आणि रंगमंचावर एका ओळीत बसलेले नऊ जणही कीटनच.

ही ओळ कशी साधली हे समजावून सांगण्यासारखे आहे, आणि तांत्रिक माहिती कशी लिहावी याचा धडाही त्यात आहे. छायालेखक एल्गिन लेसली याच्या कॅमेऱ्यापुढे नऊ उभ्या झडपा असलेली पेटी बसवली होती. एक झडप उघडायची, फिल्मच्या तेवढ्याच पट्टीवर एका कीटनचे चित्रण करायचे, झडप बंद करून फिल्म पुन्हा सुरुवातीपर्यंत मागे गुंडाळायची आणि दुसरी झडप उघडायची. असे नऊ वेळा. कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालायचा, त्यामुळे नवव्या वेळीही लेसलीच्या हाताची गती पहिल्या वेळेइतकीच राहणे आवश्यक होते, नाहीतर शेजारी बसलेल्या दोघांचा ताल जुळला नसता. ‘दुहेरी चित्रणाचे तंत्र वापरले’ एवढेच लिहिले असते तर वाचकाला काहीच कळले नसते. झडप, फिल्म आणि दांडा फिरवणारा हात असे क्रमाने सांगितले की तो मनातल्या मनात ते काम करून पाहतो. या दृश्यात तेव्हाच्या मिन्स्ट्रेल खेळांच्या प्रथेप्रमाणे चेहरे काळे रंगवलेले आहेत, आणि कृष्णवर्णीयांची टवाळी करणारी ती प्रथा आज वाचकाला खटकणार. ते लपवू नये. एका वाक्यात स्पष्ट सांगून पुढे जावे.

कधी कारण पडद्यामागेही नसते, थेट वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर असते. ‘स्टीमबोट बिल, ज्युनियर’ चा शेवट आधी महापुरावर बेतलेला होता, पण १९२७ मध्ये मिसिसिपीच्या पुराने प्रत्यक्ष हाहाकार उडवल्यावर तो बदलून चक्रीवादळाचा करण्यात आला. भिंत पाडणारा वारा चित्रपटात आला तो त्यामुळे. म्हणून चित्रीकरणाच्या काळातल्या मोठ्या घटनांची एक ओझरती नोंद यादीच्या शेजारी ठेवावी.

शेवटी दुखापतींविषयी, कारण विनोदी नटाच्या किश्श्यांत त्या फार असतात आणि त्या चटकदार करण्याचा मोह होतो. ‘शेरलॉक ज्युनियर’ मध्ये कीटन मालगाडीच्या टपांवरून उलट दिशेने धावतो, गाडी खालून निघून जात असताना पाण्याच्या टाकीच्या नळाला लटकतो, नळ खाली येतो आणि पाण्याचा लोट त्याला रुळांवर आपटतो. लोटाचा जोर अपेक्षेपेक्षा फार निघाला आणि त्याची मान रुळावर आदळली. पुढे काही दिवस त्याचे डोके विलक्षण दुखत होते. पण मानेचे हाड मोडले होते हे त्याला कळले ते १९३० च्या दशकात, दुसऱ्याच कारणाने काढलेल्या क्ष-किरण चित्रात डॉक्टरांना जुने, भरून आलेले हाड दिसले तेव्हा.

हा किस्सा ‘मान मोडूनही हसवत राहिला’ असा लिहिला की माणूस हरवतो आणि घोषणा उरते. त्याऐवजी घटनांचा क्रम जसाच्या तसा ठेवावा : आधी दृश्य, मग डोकेदुखी, मग मध्ये गेलेली वर्षे, मग डॉक्टर. आणि कोठे पाहायचे ते वाचकाला दाखवावे. आपटल्यानंतरचा तुकडा चित्रपटातून काढलेला नाही. पाणी अजून कोसळत आहे, पुढच्या क्षणी रुळांवरून येणाऱ्या रेल्वेच्या हातगाडीवरचे दोघे त्या लोटाखाली येणार आहेत. आणि त्याआधी कीटन रुळांवरून उठतो आणि मागे न पाहता धावत चित्रचौकटीबाहेर निघून जातो.