पोटीस आणि ओला शेक, जुनी माणसं नेमकं कसं करायची

पोटीस म्हणजे कसला तरी पाला वाटून गळवावर थापायचा असं बऱ्याच जणांना वाटतं, पण खरं काम करायची ती ऊब आणि ओल. उष्णतेने तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त जास्त येतं, आखडलेले स्नायू सैल पडतात, आणि ओलीने कातडी मऊ होते म्हणून गळवाला लवकर तोंड येतं. 1940 च्या दशकात पेनिसिलीन सगळीकडे मिळायला लागेपर्यंत डॉक्टर लोकांचाही यावर भर असायचा.

पद्धत फार जुनी आहे. प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रॅटिसच्या नावावरच्या ग्रंथांत बरगडीच्या दुखण्याला कातडी पिशवीत गरम पाणी भरून शेकायला सांगितलंय (म्हणजे हॉट वॉटर बॅगच की), आणि कोरडा शेक हवा तर मीठ तापवून लोकरी पिशवीत भरायचं. सुश्रुताने स्वेदाचे, म्हणजे शेकून घाम आणण्याचे, चार प्रकार सांगितलेत, ताप, ऊष्म, उपनाह आणि द्रव, त्यातला उपनाह म्हणजे आपली पोटीस.

आता जवसाची पोटीस. आधी भांडं गरम पाण्याने विसळून तापवून घ्यायचं, ही पायरी लोक गाळतात आणि मग पोटीस लगेच गार होते. उकळतं पाणी घ्यायचं आणि त्यात जवसाचं पीठ भुरभुरवत एकसारखं ढवळत राहायचं, गुठळी होऊ द्यायची नाही. आधी बुळबुळीत लागतं, मग घट्ट होत जातं आणि एकदम भांड्याच्या कडा सोडून गोळा होतो, तिथे थांबायचं. हा बुळबुळीतपणाच महत्त्वाचा, त्यात पाणी आणि ऊब दोन्ही धरून राहतात. मग कापडावर बोटभर जाड पसरायचं, चारी कडा आत दुमडायच्या, स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं, तिथे सोसलं तरच बांधायची. वरून लोकरीचं कापड गुंडाळायचं आणि गार व्हायच्या आत काढायची, गार ओली पोटीस अंगावर ठेवून काही उपयोग नाही.

ओल्या शेकात कापड पिळणं हीच कला आहे. फ्लॅनेलचं (मऊ लोकरी) कापड टॉवेलच्या मधोमध ठेवून वरून उकळतं पाणी ओतायचं आणि टॉवेलची टोकं दोघांनी उलटसुलट पिळायची, थेंबही गळता कामा नये, कारण कातडी भाजते ती गळणाऱ्या पाण्याने.

मोहरीचा लेप मात्र कोमट पाण्यातच कालवायचा, उकळत्या पाण्याने तिचा तिखटपणाच मरतो, आणि जास्त वेळ राहिला तर फोड येतात. हा घरी करूच नका.

बधिर कातडीवर, म्हणजे डायबेटीसमुळे पायाला जाणीव कमी असेल तर, शेक नको, चटका कळतच नाही. ताज्या मुरगळीवर पहिले दोन दिवस नको. पोटात अचानक जोरात दुखत असेल तर शेकत बसू नका, अपेंडिक्स असू शकतं, सरळ डॉक्टरकडे जा. गळवाबरोबर ताप आला किंवा लाली पसरायला लागली तरी तेच.

रांजणवाडीला मात्र आजही डॉक्टर हाच शेक सांगतात, स्वच्छ कापड, सोसेल इतकं कोमट पाणी, डोळा मिटून पाच-दहा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा, आणि ती पिळायची नाही.