मानसशास्त्राच्या अहवालात संदर्भ कसे द्यावेत

‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत छापला, तर शाईचा रंग सांगताना आपण अडखळतो. जे. आर. स्ट्रूप यांचा हा निष्कर्ष १९३५ साली प्रसिद्ध झाला. आजही विद्यार्थी हा प्रयोग करतात, म्हणून उदाहरण त्याचेच घेऊ. पद्धत अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची, म्हणजे एपीएची सातवी आवृत्ती. विभागाने वेगळी सांगितली असेल तर ती पाळा.

सुरुवात वाचतानाच करा. लेखक, वर्ष, शीर्षक, जर्नल, खंड, अंक, पृष्ठे आणि डीओआय (लेखाचा कायमचा डिजिटल ओळख क्रमांक) लगेच टिपा. जसेच्या तसे उतरवलेले वाक्य अवतरणचिन्हांत ठेवा आणि शेजारी पृष्ठ क्रमांक लिहा. महिन्याभराने आपले शब्द कोणते नि लेखकाचे कोणते, हे आठवत नाही.

मजकुरात आडनाव आणि वर्ष पुरते: (स्ट्रूप, १९३५). दोन लेखक असतील तर दोघांची आडनावे दर वेळी द्यावी लागतात. तीन किंवा अधिक असतील तर पहिल्या उल्लेखापासूनच पहिले आडनाव आणि ‘एट अल.’, म्हणजे ‘आणि इतर’. इंग्रजी अवतरण ४० शब्दांचे किंवा त्याहून मोठे असेल, तर ते अवतरणचिन्हांशिवाय वेगळ्या, आत सरकवलेल्या परिच्छेदात येते.

आता सगळ्यात जास्त गफलत होते ती जागा. स्ट्रूप यांचा मूळ लेख बहुतेकांनी पाहिलेलाच नसतो. माहिती पाठ्यपुस्तकातून घेतलेली असते, आणि अहवालाच्या शेवटच्या संदर्भसूचीत मात्र १९३५चा लेख दिमाखात बसतो. हे खोटे आहे. पाठ्यपुस्तकाने केलेली चूकही मग तुमच्या नावावर जाते. शक्य असेल तर मूळ लेख मिळवून वाचा. नाहीच मिळाला, तर मजकुरात स्ट्रूप यांच्या पुढे ‘अमुक लेखकाने उद्धृत केल्याप्रमाणे’ असे लिहा आणि सूचीत फक्त ते पाठ्यपुस्तक द्या. यात कमीपणा काहीच नाही.

मूळ लेख वाचला असेल तर नोंद अशी होते:

स्ट्रूप, जे. आर. (१९३५). स्टडीज ऑफ इंटरफिअरन्स इन सीरियल व्हर्बल रिअ‍ॅक्शन्स. जर्नल ऑफ एक्स्पेरिमेंटल सायकॉलॉजी, १८(६), ६४३–६६२.

यात जर्नलचे नाव आणि खंड तिरप्या अक्षरांत, लेखाचे शीर्षक साध्या. डीओआय असेल तर तो शेवटी. सूची आडनावांच्या वर्णानुक्रमाने लावा. मार्गदर्शकांनी तोंडी सांगितलेली गोष्ट सूचीत येत नाही, तिचा उल्लेख फक्त मजकुरात करतात.

चॅटबॉटने सुचवलेला संदर्भ डीओआय उघडून, लेख डोळ्यांनी पाहिल्याशिवाय घालू नका. अस्तित्वातच नसलेले लेख तो बिनदिक्कत सांगतो. छापण्याआधी मजकुरातले एकेक नाव सूचीत शोधा, मग सूचीतले एकेक नाव मजकुरात.